नोझल मोठं करायचं का?

गाडीचं इंजिन 'स्टेज वन', 'स्टेज टू' करायला निघालेल्या माणसाला दुकानदार जी यादी देतो तिच्यात दोन वस्तू हमखास असतात. मोठे इंजेक्टर आणि मोठा एअर फ्लो सेन्सर. यादी वाचून माणूस दोनपैकी एक गोष्ट करतो. एकतर डोळे मिटून पैसे देतो, नाहीतर "सगळे चोर आहेत साले" म्हणून यादी फाडतो. अकोल्याच्या माझ्या मावसभावाने तिसरीच गोष्ट केली. २०२४ च्या दिवाळीत यादीचा फोटो काढून मला पाठवला आणि खाली लिहिलं, "दादा, हे लागतेच का? का आपल्याले येडं बनवून राह्यले?"

आता मी गॅरेजवाला नाही. दिवसभर दुसऱ्यांच्या कोडमध्ये वेळ कुठे वाया जातोय ते शोधत बसणारा प्राणी. पण नातेवाईकांच्या लेखी कॉम्प्युटरवाल्याला इन्व्हर्टरपासून गिझरपर्यंत सगळं कळतं, तर गाडी काय चीज आहे! आणि खरं सांगायचं तर प्रश्न वाचल्यावर मला जरा बरंच वाटलं, कारण हा प्रश्न माझ्याच धंद्यातला निघाला. सर्व्हर स्लो झाला की "मोठा सर्व्हर घ्या" म्हणणारा सेल्सवाला आणि "आधी लॉग दाखव" म्हणणारा इंजिनियर, यांच्यातलं भांडण आपण रोज बघतो. इथे सर्व्हरच्या जागी इंजेक्टर, एवढंच.

गाडी कुठली ते सांगतो, म्हणजे काही जणांच्या काळजाला हात लागेल. स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस, २००५ ची. ही गाडी भारतात २००४ साली आली. १.८ लिटरचं टर्बो पेट्रोल, प्रत्येक सिलिंडरला पाच व्हॉल्व्ह म्हणजे एकूण वीस, आणि १५० हॉर्सपॉवर. ज्या काळात आपण सँट्रो आणि झेनच्या पिकअपवर वाद घालायचो त्या काळात १५०! कंपनीचा कारखाना आपल्या औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, शेंद्र्यात. माझ्या पिढीतल्या कित्येकांनी ही गाडी फक्त मासिकाच्या पानांत बघितली. मावसभाऊ माझ्यापेक्षा आठ वर्षांनी लहान, अकोल्यात त्याची डाळ मिल. एक हंगाम बरा गेला आणि त्याने ही वीस वर्षांची म्हातारी घरी आणली.

यादीची बेरीज दीड लाखाच्या आसपास होती. मोठे चार इंजेक्टर, मोठ्या व्यासाचा एअर फ्लो सेन्सर, मोठा एक्झॉस्ट पाइप आणि बूस्ट वाढवायला हाताने फिरवायचा एक व्हॉल्व्ह. मावशीचं म्हणणं वेगळंच. त्यांचं शेत दर्यापूरकडे, खारपाणपट्ट्यात. तिथे बोअर मारली तर पाणी खारं लागतं, त्यामुळे पावसाचं पाणी साठवायला शेततळं हाच आधार. मावशी फोनवर म्हणाली, "अरे बाप्पा, त्या पैशात तळ्याची पन्नी येते, अन् हा गाडीचं नाक मोठं करून राह्यला. तू तरी समजाव त्याले."

समजावणं वगैरे माझ्याने होत नाही. पण मोजता येतं.

तर आधी इंजेक्टर. याला आपल्याकडे सर्रास नोझल म्हणतात, तेही खरं तर डिझेलवाल्यांमुळे. चार स्ट्रोकच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडरला दोन फेऱ्यांतून एकदा पेट्रोल लागतं. ६००० आरपीएम म्हणजे सेकंदाला १०० फेऱ्या, म्हणजे दोन फेऱ्यांना २० मिलिसेकंद. जे काही पेट्रोल आत सोडायचं ते या २० मिलिसेकंदांत. व्हऱ्हाडातल्या माणसाला हे समजवायला फार कष्ट पडत नाहीत. नळ ठरलेल्या वेळेपुरताच येतो, टाकी तेवढ्यात भरायची. टाकी मोठी केली तर काय कराल? नळ जास्त वेळ चालू ठेवाल, किंवा तोटी मोठी बसवाल, किंवा दाब वाढवाल. चौथा उपाय नाही.

इंजेक्टर किती वेळ उघडा आहे ते गाडीचा कॉम्प्युटर स्वतःच सांगतो, मिलिसेकंदांत. आरपीएमला त्या मिलिसेकंदांनी गुणा, १२०० ने भागा, टक्केवारी मिळते. ६००० ला १७ मिलिसेकंद असेल तर ८५ टक्के. साधारण या ८५ च्या आत राहावं असा संकेत आहे. १०० पर्यंत का नाही? कारण इंजेक्टरची सुई उघडायला आणि मिटायला वेळ लागतो. त्या टोकाला तो धड मिटतही नाही, मग कॉम्प्युटरने सांगितलेलं आणि प्रत्यक्ष पडलेलं पेट्रोल यांचा मेळ राहत नाही. त्यापुढे हवा वाढली आणि पेट्रोल वाढलं नाही, की मिश्रण कोरडं होतं, तापमान चढतं, आणि टर्बो इंजिनात पिस्टनला भोक पडायला फार वेळ लागत नाही. वीस वर्षांच्या आरएसचं इंजिन अकोल्यात काय, कुठेच रांगेत ठेवलेलं मिळत नाही. खरी जोखीम दीड लाखाची नव्हतीच.

एअर फ्लो सेन्सर म्हणजे आत येणाऱ्या हवेचं वजन मोजणारा. एक छोटीशी तापवलेली पट्टी, तिच्यावरून हवा गेली की ती थंड होते, आणि किती थंड झाली यावरून हवेचा हिशेब. सेन्सर देतो फक्त व्होल्टेज, शून्य ते पाच. त्याचं वजनात रूपांतर करायला या गाडीच्या बॉश कॉम्प्युटरमध्ये ५१२ खणांचा एक तक्ता असतो. चक्क लुकअप टेबल! हे वाचलं तेव्हा मला माहेरी गेल्यासारखं वाटलं. मर्यादा कुठे, तर पाच व्होल्टच्या वर सेन्सरला काही सांगताच येत नाही. हवा वाढत राहिली तरी तो तेच सांगत राहणार, आपल्या आठ बिटांच्या २५५ सारखं. आणि हे ओळखायला यंत्रतंत्र लागत नाही. आलेख काढा. आरपीएम चढतोय, बूस्ट तसाच आहे, आणि हवेची रेघ वरती टेबलासारखी सपाट झाली, तर सेन्सर भरला. रेघ गोलसर चढून उतरत असेल तर अजून जागा आहे.

(एक कंस. तुमच्या गाडीत हा सेन्सर असेलच असं नाही. मारुतीच्या बऱ्याचशा पेट्रोल गाड्यांत तो नसतोच. तिथे मॅनिफोल्डमधला दाब, हवेचं तापमान आणि आरपीएम यांवरून कॉम्प्युटर हवा काढतो, अकरावीतला गॅसचा नियम वापरून. अशा गाडीसाठी तुम्हाला कुणी "मोठा एअर फ्लो सेन्सर" विकत असेल तर नमस्कार करून बाहेर पडा.)

म्हणजे या दोन वस्तू म्हणजे दोन वेगळे प्रश्न आहेत. एकाचं उत्तर टक्क्यांत, दुसऱ्याचं उत्तर रेघेच्या आकारात. एक लागेल आणि दुसरी लागणार नाही, असंही होऊ शकतं. मग यादीत दोन्ही जोडीने का होत्या? मी भावाला म्हटलं, दुकानदाराला विचार, सॉफ्टवेअर कोण बदलणार? उत्तर आलं, "तो म्हणते सॉफ्टवेअरले हात लावाची गरजच नाई. दोन्ही एकाच मापात मोठे केले का आपोआप जुळते."

इथे मी खुर्चीत सरळ बसलो. कारण ही युक्ती जुनी आहे, प्रसिद्ध आहे, आणि अर्धी बरोबर आहे. अर्धी बरोबर गोष्ट पूर्ण चुकीच्या गोष्टीपेक्षा जास्त नुकसान करते, हे कोडच्या बाबतीत तरी मी बघितलंय.

हिशेब असा. सेन्सरची नळी ३० टक्क्यांनी मोठी केली. तेवढीच हवा आता जास्त जागेतून जाते, पट्टीवरून जाणारा भाग कमी होतो, सेन्सर सांगतो की हवा २३ टक्क्यांनी कमी आहे. कॉम्प्युटर इंजेक्टर २३ टक्के कमी वेळ उघडतो. पण इंजेक्टरही ३० टक्क्यांनी मोठे आहेत, त्यामुळे पेट्रोल बरोब्बर तेवढंच पडतं. दोन खोटी मिळून एक खरं. टाळ्या!

पण कॉम्प्युटर हवेचा तो आकडा फक्त पेट्रोलसाठी वापरत नाही. ठिणगी कधी पाडायची तेही त्यावरूनच ठरतं. इंजिनावर भार कमी असेल तर ठिणगी लवकर, भार जास्त असेल तर उशिरा. आता त्याला वाटतंय भार २३ टक्क्यांनी कमी आहे, प्रत्यक्षात व्हॉल्व्ह फिरवून बूस्ट वाढवलेला आहे. म्हणजे जिथे ठिणगी सगळ्यात उशिरा हवी तिथेच ती लवकर पडणार. त्याला आपण नॉकिंग म्हणतो, गॅरेजवाले म्हणतात इंजिन 'खडखडतंय'. नॉक सेन्सर ठिणगी मागे ओढतो, पण एका मर्यादेपर्यंतच. ज्या गावात २०२० च्या मे महिन्यात पारा ४७ च्या वर गेला आणि २०२४ च्या मेमध्ये उन्हापायी जिल्हाधिकाऱ्यांना १४४ कलम लावावं लागलं, त्या गावात ही युक्ती? थंड देशातला माणूस करत असेल तर करो बापडा.

भावाला एवढंच सांगितलं की जानेवारीत मी घरी येतोय, तोवर काही विकत घेऊ नको.

जानेवारी का, तर हेच मला या सगळ्यात सगळ्यात गमतीशीर वाटतं. आपल्याकडे 'गाडीची परीक्षा उन्हाळ्यात' असं डोक्यात पक्कं बसलेलं. इंजेक्टरच्या बाबतीत उलटं आहे. हवा गरम झाली की विरळ होते. ४५ अंशांची हवा आणि १० अंशांची हवा यांच्या घनतेत बारा टक्क्यांचा फरक पडतो. थंड हवा जड, जड हवेला पेट्रोल जास्त. म्हणजे नोझल पुरतंय का हे बघायचं तर जानेवारीतली पहाट, आणि इंजिन खडखडतंय का हे बघायचं तर मेमधली दुपार. जो माणूस मेमध्ये लॉग घेऊन "सगळं ठीक आहे" म्हणेल तो डिसेंबरात फसेल.

जागा म्हणून अमरावती-अकोला हायवे. जुना सहा नंबर, आता ५३. जून २०२२ मध्ये याच रस्त्यावर ७५ किलोमीटर डांबराचा पट्टा सलग १०५ तास ३३ मिनिटांत टाकून गिनीज बुकात नाव लागलं. त्याआधी हा रस्ता कसा होता ते अमरावतीच्या कुठल्याही माणसाला विचारा, फक्त वेळ हाताशी ठेवा. आता मात्र सपाट, आणि लॉगसाठी सपाट रस्ता फार कामाचा. पहाटे साडेसहा, १२ अंश, भाऊ स्टिअरिंगवर, मी बाजूला मांडीवर लॅपटॉप घेऊन. फक्त दुसरा गियर, आरपीएम दोन हजारांपासून वर, वेग शंभरच्या आत. तिसऱ्या गियरमध्ये लॉग जास्त चांगला येतो हे मला माहीत आहे, पण तो हायवेवर घेण्याचा नाद करू नये. त्यासाठी पुण्यात डायनो आहेत.

या गाड्यांसाठी एक केबल मिळते. तिच्यावर ब्लॉक ००२ उघडला की चार रकाने दिसतात: आरपीएम, भार, इंजेक्शनची वेळ आणि हवा, ग्रॅम प्रति सेकंद. या इंजिनाचा एक ढोबळ ठोकताळा आहे, हवेच्या ग्रॅमला सव्वाने गुणलं की अंदाजे हॉर्सपॉवर. १५० ची गाडी, म्हणजे १२० च्या आसपास हवा दिसायला हवी.

दिसली १०८.

भाऊ हिरमुसला. "म्हणजे सेन्सर गेला ना दादा? तो दुकानदार तेच म्हणे." पण ब्लॉक ०३२ मध्ये दुसरी गोष्ट दिसत होती. तिथे कॉम्प्युटर स्वतःच्या हिशेबात किती दुरुस्ती करतोय ते असतं. एक्झॉस्टमधला ऑक्सिजन सेन्सर मिश्रण कोरडं आहे म्हणून ओरडतो आणि कॉम्प्युटर पेट्रोल वाढवत नेतो. आकडा होता अधिक १८ टक्के. म्हणजे सेन्सरला न सांगता हवा आत येतेय. घरी येऊन सेन्सर आणि टर्बोमधला रबरी पाइप सोडला, तर खालच्या बाजूच्या एका बारक्या नळीला अर्धा इंच कुरतडलेलं. डाळ मिलच्या आवारात उभी राहणारी गाडी, दुसरं काय होणार? उंदराला तूरडाळ कमी पडली असावी. नळी दोनशे रुपयांत बदलली.

दुसऱ्या दिवशी ११९ ग्रॅम. ६००० ला इंजेक्शन १३.६ मिलिसेकंद, म्हणजे ६८ टक्के. हवेची रेघ वरती छान गोल. आणि ती दुरुस्ती १८ वरून खाली येऊन थांबली ७ वर. शून्यावर नाही, ७ वर.

हे सात कुठून आले? भावाला वाटलं अजून एक उंदीर असेल. पण हे सात पंपावरून आले होते.

पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल, म्हणजे ई२०, देशात विकायला सुरुवात झाली फेब्रुवारी २०२३ मध्ये. २०३० चं उद्दिष्ट आधीच २०२५ वर आणलेलं होतं, त्यामुळे आता बहुतेक पंपांवर तेच मिळतं. साध्या पेट्रोलच्या एका किलोला जळायला १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलच्या एका किलोला फक्त ९. वीस टक्क्यांच्या मिश्रणाचा हिशेब साडेतेराच्या आसपास येतो. म्हणजे तेवढ्याच हवेला पेट्रोल मापाने सात-साडेसात टक्के जास्त ओतावं लागतं. आमचा आकडा बरोबर तिथेच होता. मायलेज कमी झाल्याची जी बोंब घराघरात चालते तिचं मूळ हेच. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातही ई० साठी बनवलेल्या आणि ई१० साठी जुळवलेल्या चारचाकींना सहा ते सात टक्क्यांचा फटका सांगितलेलाच आहे. इथेनॉलची दुसरी बाजूही सांगायला हवी. ते नॉकिंगला चांगलं रोखतं आणि आत जाताना हवा थोडी थंड करतं, टर्बोवाल्यांना ते आवडतं. जुन्या गाडीतलं रबर आणि सील त्याला किती टिकतात हा वेगळा विषय, भावाने इंधनाच्या नळ्या तशाही बदलून घेतल्या.

पण आमच्या प्रश्नापुरतं काय झालं? २००५ साली ज्या इंजिनियरने हे इंजेक्टर निवडले त्याने वर थोडी जागा ठेवली होती. त्यातले सात टक्के कुणाला न विचारता गेले. जुने सल्ले म्हणूनच आता जसेच्या तसे लागू होत नाहीत. दहा-पंधरा वर्षांपूर्वी कुणी लिहिलं असेल की "या गाडीला १९० हॉर्सपॉवरपर्यंत मूळ इंजेक्टर पुरतात", तर तो खरंच बोलत होता. करून बघा: १९० ला हवा लागेल १५२ ग्रॅम. हवा जितक्या पट, पेट्रोल तितक्या पट. १३.६ ला १५२ ने गुणून ११९ ने भागा, येतात १७.४ मिलिसेकंद, म्हणजे ८७ टक्के. साध्या पेट्रोलवर हेच ८१ आलं असतं. एक आकडा रेघेच्या आत, एक बाहेर, आणि मध्ये फक्त पंपावरची नळी.

मग भावासमोर कागद ठेवला. १९० हवेत, तर तोटी किंवा दाब वाढवणं आलं. दाब म्हणजे तीन बारच्या जागी चार बारचा रेग्युलेटर. प्रवाह दाबाच्या वर्गमुळाने वाढतो, म्हणजे साधारण पंधरा टक्के, आणि ८७ चे ७५ होतात. चार नव्या इंजेक्टरांच्या तुलनेत हा चिल्लर खर्च, पण जुन्या पंपावर ताण आणि कॉम्प्युटरमधला आकडा बदलणं आलंच. २२५ हवेत, तर मोठे इंजेक्टर, मोठा सेन्सर, मोठा टर्बो सगळंच लागेल, पण दोन्ही आकडे सॉफ्टवेअरमध्ये नीट लिहून, खोट्याला खोटं जोडून नाही. आणि १७५ वर समाधान असेल, तर ८० टक्के. काही लागत नाही.

"एकशे पंच्याहत्तर म्हणजे बरंच झालं ना बे," मी म्हटलं. त्याने कागद दोनदा वाचला. "आपल्याले कोणासंग रेस लावाची हाय? पंच्याहत्तरच करू."

एक गोष्ट मात्र मी अडून करून घेतली. इंजेक्टर काढून टेस्टिंगला दिले. अकोल्यात डिझेल पंपाच्या कामाचं एक दुकान आहे, तिथल्या मिस्त्रींकडे पेट्रोल इंजेक्टर तपासायचं बेंच. काचेच्या चार नळ्या, अर्धा मिनिट इंजेक्टर पूर्ण उघडे, कोणात किती मिली पडलं ते बघायचं. तीन १५० च्या आगेमागे, चौथा १४१. मिस्त्री म्हणाले, "भाऊ, मोठा नोझल कायले पाह्यजे? आधी हा धुवा ना." हा माणूस मला सगळ्यात जास्त आवडला. कारण एक्झॉस्टमधला सेन्सर चारही सिलिंडरची सरासरी बघतो. सरासरी ठीक असते आणि एक सिलिंडर सहा टक्के कोरडा चालत असतो, आणि मरतो तो तोच. (सरासरीवर डॅशबोर्ड बनवणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांनी हा परिच्छेद परत वाचावा.) धुतल्यावर चौथाही १५० वर आला. चार नवे ओ-रिंग, धुलाई आणि टेस्टिंग मिळून हजाराच्या पटीतलं बिल, लाखाच्या नाही.

रिमॅप फेब्रुवारीत पुण्यात झाला, डायनोवर, दुसऱ्या माणसाकडून, आमचे लॉग बघून. कायद्याचंही दोन शब्दांत सांगतो, कारण विचारणारे विचारतातच. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीच्या मूळ रूपात बदल करण्याबद्दल आहे, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याचा अर्थ बराच कडक लावला. विमा कंपनीला न सांगता केलेला बदल क्लेमच्या वेळी कसा आडवा येतो ते वेगळं सांगायला नको. मोठा एक्झॉस्ट यादीतून गेला तो याच कारणाने. भावाने पीयूसी काढली आणि विमावाल्याला लेखी कळवलं. हे सगळं नको असेल तर गाडी आहे तशी चालवावी, १५० काही कमी नाहीत.

फेब्रुवारीतल्या सकाळी १६ अंशांना लॉग आला: १३९ ग्रॅम, १५.९ मिलिसेकंद. ७९.५ टक्के. कागदावर ८० होतं. रेघ अजूनही गोल, म्हणजे सेन्सरचंही काम झालं. मावशीला फोन केला, म्हटलं पन्नीचे पैसे शिल्लक आहेत. ती म्हणाली, "ते मले माहीत हाय. चार दिवसांपासून तो कुठल्या तरी चाकाच्या रिमा पाहून राह्यला."

मग मे २०२५. ४४ अंश, दुपार, तोच रस्ता. हवा १२६ ग्रॅमवर उतरली, इंजेक्टर ७२ टक्क्यांवर निवांत. पण ब्लॉक ०२० मध्ये, जिथे नॉकमुळे ठिणगी किती मागे ओढली ते दिसतं, तिथे तिसऱ्या सिलिंडरला ६.७५ अंश. धोक्याची घंटा नाही, पण खोकला आहे. कारण समोरच होतं. या गाडीचा इंटरकूलर पुढच्या एका चाकाजवळ, मडगार्डच्या आत दडवलेला, वहीएवढा. थंड देशात ठीक आहे. भावाला सांगितलं की मे महिन्यात दुपारी पाय हलका ठेव, आणि त्याने ते ऐकलंही, कारण त्या उन्हात तोही बाहेर पडत नाही.

आता तो पुढे बसणाऱ्या मोठ्या इंटरकूलरचे भाव काढतोय. या खरेदीला माझी हरकत नाही, लॉगमध्ये तिचं कारण दिसतंय. पण इंटरकूलर मोठा झाला की हवा आणखी थंड, आणखी जड, आणि ते ७९.५ वर सरकणार. किती, ते बसवल्यावर जानेवारीतल्या पहाटे दुसऱ्या गियरमध्ये कळेल. ६००० ला १७ मिलिसेकंदांच्या वर गेलं तर चार बारचा रेग्युलेटर आणि कॉम्प्युटरमध्ये एक आकडा. नाही गेलं तर ते चार धुतलेले इंजेक्टर आहेत तिथेच राहतील.